यष्टिरक्षकाची दृष्टि

उरण तालुक्यांतील जासई हें गांव मुंबई बंदराच्या पलीकडे, भातशेतीच्या मुलखांत वसलेलें आहे. दि. बा. पाटील यांचें जन्मगांव म्हणून आणि 1984 सालच्या शेतकऱ्यांच्या लढ्याचें ठिकाण म्हणून त्याचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहे. आज या परिसरांत गोदामें उभीं राहिलीं आहेत, बंदराकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रीघ रस्त्यावर लागलेली असते, आणि 2024 सालीं खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु जवळच चिर्ले येथें जमिनीस टेकतो. शेती पुष्कळ आटली. तथापि उरण-पनवेलच्या या पट्ट्यांतील एक रीत अद्यापि टिकून आहे. भातकापणी उरकली कीं मोकळ्या खाचरांत मुलें क्रिकेटचा डाव मांडतात. चेंडू टेनिसचा असतो, यष्ट्या मिळतील त्या काठ्यांच्या असतात. परंतु संघ पाडतांना होणारी घासाघीस मात्र कोणत्याही नामांकित मैदानास साजेशी असते. फलंदाजी सर्वांनाच हवी असते, गोलंदाजी पुष्कळांना हवी असते. यष्ट्यांमागें उभें राहावयास आपण होऊन कोणी पुढें येत नाहीं. शेवटीं ज्याला नाहीं म्हणवत नाहीं अशा एखाद्या मुलाच्या गळ्यांत ती जागा पडते.

जी जागा कोणास नको असते तिचें महत्त्वही बेताचेंच असावें, असा समज सहज होतो. क्रिकेटचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. मुंबईचे चंद्रकांत पंडित हे यष्टिरक्षक. खेळाडू म्हणून त्यांच्या वांट्यास भारतातर्फे अवघे 5 कसोटी सामने आले. पुढें शिक्षक म्हणून त्यांच्या मार्गदर्शनाखालीं तीन निरनिराळ्या संघांनीं मिळून रणजी करंडक 6 वेळां जिंकला. या दोन आंकड्यांमधील अंतर पाहिलें म्हणजे मनांत प्रश्न उभा राहतो, कीं ज्याला स्वतःला शिखर गांठतां आलें नाहीं त्यानें इतरांना तेथवर कसें नेलें? त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं यष्ट्यांमागील त्या नकोशा जागेंतच सांपडतें.

यष्टिरक्षकाचें काम वरवर पाहतां सोपें दिसतें. फलंदाजास चुकवून आलेला चेंडू अडवावयाचा, एवढेंच तें काम, असें प्रेक्षकांस वाटतें. वस्तुतः मोठ्या सामन्यांत दिवसाकाठीं 90 षटकें टाकलीं जातात. म्हणजे 540 चेंडू. त्या प्रत्येक चेंडूस यष्टिरक्षकाला उकिडवें बसून पुन्हां उठावें लागतें, आणि त्यांतील एकाही चेंडूस त्याचें लक्ष ढळून चालत नाहीं. सीमारेषेवरील खेळाडू दोन चेंडूंच्या मध्यें क्षणभर आकाशाकडे पाहूं शकतो. गोलंदाजाचें षटक संपलें कीं त्यास विसांवा मिळतो. फलंदाज बाद झाला कीं तंबूंत जाऊन बसतो. सबंध डावभर प्रत्येक चेंडूंत ज्याचा जीव गुंतलेला असतो असा खेळाडू क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघांत एकच, आणि तो म्हणजे यष्टिरक्षक.

त्याची दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वेगवान गोलंदाज ताशीं 140 किलोमीटर वेगानें चेंडू टाकतो, तेव्हां 22 यार्डांची खेळपट्टी ओलांडावयास त्या चेंडूस सुमारें अर्धा सेकंद लागतो. अशा वेळीं यष्टिरक्षक बराच मागें उभा राहतो. परंतु फिरकी गोलंदाजी चालू झाली कीं त्यास यष्ट्यांना अगदीं खेटून उभें राहावें लागतें. फलंदाजाचें शरीर आणि बॅट यांच्या आडोशामुळें ऐन मोक्याच्या क्षणीं चेंडू त्याला दिसतच नाहीं. मग त्यानें तो धरावयाचा कसा? गोलंदाजाच्या मनगटाकडे, बोटांकडे आणि चेंडूच्या हवेंतील वळणाकडे पाहून तो कोठें येईल याचा अदमास त्याला आधींच बांधावा लागतो. येणेंप्रमाणें वर्षानुवर्षें पाहत राहिल्यानें त्यास असें कांहीं कळूं लागतें, जें इतरांना कळत नाहीं. गोलंदाज दमला आहे हें स्वतः गोलंदाजाच्या आधीं त्याच्या ध्यानांत येतें. फलंदाजाचा पुढचा पाय आज उशिरां पडतो आहे हेंही तोच प्रथम हेरतो. आपल्या सोबत्यांपैकीं कोणाचे खांदे पडले आहेत, कोण मनांतून हरला आहे, हेंही त्याला दिसतें, कारण मैदानाचा बहुतेक सारा पट त्याच्या डोळ्यांसमोर उलगडलेला असतो.

अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. परंतु या एका बाबतींत त्याची साक्ष मोलाची आहे. त्या खेळांतही फलंदाजाच्या मागें एक खेळाडू उकिडवा बसतो. त्यास तेथें कॅचर म्हणतात. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर ढाल आणि हातांत गुबगुबीत मोजा असा त्याचा थाट असतो. पुढचा चेंडू कसा टाकावा हें परंपरेनें तोच बोटांच्या खुणांनीं फेकणाऱ्या खेळाडूस सुचवीत आला आहे. त्याच्या संघांतील इतर आठही जणांचीं तोंडें फलंदाजाकडे असतात. तो एकटाच फलंदाजामागून त्या आठांकडे पाहत असतो. म्हणूनच कीं काय, त्या देशांत संघ चालविणारे कित्येक नामांकित व्यवस्थापक मूळचे कॅचर होते. कॉनी मॅक यांनीं फिलाडेल्फियाचा संघ 1901 पासून 1950 पर्यंत सांभाळला, तेही कॅचरच. अलीकडचे ब्रूस बोची हे 1978 ते 1987 या काळांत तीन संघांतून खेळले, परंतु बहुतेक काळ राखीव म्हणूनच. खेळाडू म्हणून त्यांचें नांव विस्मृतींत गेलें असतें. पण व्यवस्थापक या नात्यानें त्यांच्या संघांनीं 2010, 2012, 2014 आणि 2023 या चार वर्षीं तेथील सर्वोच्च विजेतेपद मिळविलें. पंडित यांची हकीकत याच जातीची आहे.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 रोजीं मुंबईंत झाला. क्रिकेटचे धडे त्यांनीं रमाकांत आचरेकर यांच्यापाशीं घेतले. दादरच्या शिवाजी पार्कावर मुलें घडविणाऱ्या या गुरूचें नांव आज सचिन तेंडुलकर यांच्यामुळें घरोघरीं पोंचलें आहे. परंतु स्वतः आचरेकर यांच्या नांवावर प्रथम दर्जाचा एकच सामना आहे, आणि तोही 1963-64 च्या हंगामांतील. ज्याला स्वतःला मोठ्या मैदानावर फारसें खेळावयास मिळालें नाहीं तोही उत्तम शिक्षक होऊं शकतो, हा धडा पंडित यांच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून होता. मुंबईच्या यष्टिरक्षकांची परंपराही याच वळणाची आहे. माधव मंत्री हे भारतातर्फे 4 कसोटी सामने खेळले आणि मुंबईचे कर्णधार झाले. त्यांचे भाचे सुनील गावसकर यांनीं लहानपणीं मामांचा भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हां तो मागून मिळत नाहीं, कमवावा लागतो, असें मामांनीं सांगितलें. ही गोष्ट क्रिकेटच्या वर्तुळांत आजही सांगितली जाते.

यष्टिरक्षकाच्या नशिबांतील खरें दुःख जागेच्या हिशेबांत आहे. अकरा जणांच्या संघांत फलंदाजांस पांचसहा जागा असतात, गोलंदाजांस चारपांच असतात; यष्टिरक्षकास एकच. देशांत दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज असणारा मनुष्य संघांत सुखानें खेळतो, पण दुसऱ्या क्रमांकाचा यष्टिरक्षक तंबूंत बसून पाणी नेऊन देतो. सय्यद किरमाणी यांनीं भारतातर्फे 88 कसोटी सामने खेळून ती जागा सोडली, तेव्हां ती बडोद्याच्या किरण मोरे यांच्याकडे गेली आणि त्यांनीं 49 सामने ती सांभाळली. पंडित त्याच काळांतले. त्यांचें पहिलें कसोटी पदार्पण 1986 च्या जूनमध्यें इंग्लंडमधील लीड्स येथें झालें, पण तें फलंदाज म्हणून. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मद्रास येथें ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना बरोबरींत सुटला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासांत ती केवळ दुसरी बरोबरी होती. त्या सामन्यांतही पंडित फलंदाज म्हणून खेळले आणि दोन डावांत त्यांनीं 35 व 39 धांवा केल्या. 1987 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दिलीप वेंगसरकर आजारी पडले, म्हणून ऐन वेळीं पंडित यांना संघांत घेण्यांत आलें. त्यांनीं 24 धांवा केल्या. भारत तो सामना मुंबईंतच 35 धांवांनीं हरला.

दुसऱ्याच्या आजारपणानें मिळालेली जागा दुसरा बरा होतांच परत करावी लागते. पंडित यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द 1992 सालीं संपली, तेव्हां त्यांच्या नांवावर 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने होते. देशांतर्गत क्रिकेटमध्यें मात्र त्यांनीं आठ हजारांहून अधिक धांवा आणि 22 शतकें काढलीं. दुसऱ्या कोणत्याही काळांत एवढ्या भांडवलावर भारताची जागा कायम झाली असती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु खेळाडूला आपला काळ निवडतां येत नाहीं. मुंबईनंतर ते आसामतर्फे खेळले, मध्य प्रदेशातर्फे खेळले. एका गांवचें बिऱ्हाड आवरून दुसऱ्या गांवीं मांडावें, तेथील मुलांच्या संवयी समजून घ्याव्या, ज्या संघाला जिंकण्याची संवय नाहीं त्याच्याबरोबर हरण्याचाही अनुभव घ्यावा, हें फिरस्त्याचें जिणें त्यांनीं काढलें. मुंबईच्या संघांत वाढलेल्या खेळाडूला विजय हा घरचा वाटतो; मुंबईबाहेर पडल्यावरच त्याला कळतें कीं इतर प्रांतांतील मुलांचे हात कमी नसतात, कमी असतो तो आत्मविश्वास.

या फिरस्तेपणाचा सर्वांत कडू घोट त्यांनीं 1999 सालीं बेंगळूर येथें घेतला. 1998-99 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत पंडित यांच्या नेतृत्वाखालीं मध्य प्रदेशाचा संघ कर्नाटकाविरुद्ध उतरला होता. रणजी स्पर्धेचा एक नियम येथें सांगणें अवश्य आहे. अंतिम सामना पांच दिवसांत निकालीं निघाला नाहीं, तर पहिल्या डावांत ज्याची आघाडी असेल तो संघ विजेता ठरतो. मध्य प्रदेशानें पहिल्या डावांत 75 धांवांची आघाडी मिळविली होती. म्हणजे शेवटच्या दिवशीं त्यांनीं जिंकलें नसतें, केवळ तग धरला असता, तरी करंडक त्यांच्या हातीं आला असता. पण त्या दिवशीं विजय भारद्वाज यांनीं 24 धांवांत 6 बळी घेतले, मध्य प्रदेशाचा डाव कोसळला आणि सामना 96 धांवांनीं हातचा गेला. हाततोंडाशीं आलेला घास असा गेल्यावर कर्णधाराच्या मनाची काय अवस्था होते, याची कल्पना करतां येईल. यष्टिरक्षक म्हणून पंडित यांनीं हजारों चेंडू धरले होते. हा एक त्यांच्या हातून निसटला, आणि त्याची बोच पुढें कितीतरी वर्षें त्यांच्या मनांत राहिली.

खेळणें संपल्यावर ते शिकवूं लागले. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं मुंबईनें 2002-03 आणि 2003-04 असे लागोपाठ दोन हंगाम रणजी करंडक जिंकला. पुढें 2015-16 मध्यें ते पुन्हां मुंबईचे शिक्षक असतांना संघानें पुणें येथें सौराष्ट्राला एक डाव आणि 21 धांवांनीं हरवून आपलें 41 वें विजेतेपद मिळविलें. त्या संघाचे कर्णधार आदित्य तरे हेही यष्टिरक्षकच होते, आणि त्या हंगामांत तरुण श्रेयस अय्यर यांनीं 1321 धांवा केल्या. मुंबईला जिंकवून देणें ही कांहीं अपूर्वाई नव्हे, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे. मुंबईंत एक हरण्याचा अवकाश, कीं शिक्षकावर बोट रोंखलें जातें. 2017 च्या जानेवारींत इंदूर येथील अंतिम सामन्यांत गुजरातनें मुंबईला हरविलें. गुजरातच्या विजयाचे शिल्पकार पार्थिव पटेल, हेही यष्टिरक्षक आणि कर्णधार! त्या पराभवानंतर पंडित यांना मुंबईचा निरोप घ्यावा लागला.

त्यांची खरी कसोटी यानंतर लागली. विदर्भानें त्यांना बोलाविलें. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी स्पर्धेंत खेळत होता. परंतु साठ वर्षांत त्यानें एकदांही अंतिम सामना गांठला नव्हता. नागपुरास मैदान होतें, सोयी होत्या, गुणी मुलेंही होतीं. नव्हता तो आपण जिंकूं शकतों हा विश्वास. पंडित यांच्याविषयीं असें सांगतात कीं ते कडक शिस्तीचे शिक्षक आहेत. वेळ पाळण्याबद्दल ते हट्टी आहेत, सरावास ते कोणत्याही वेळीं बोलावितात, आणि ज्येष्ठ व कनिष्ठ असा भेद ते मानीत नाहींत. या शिस्तीचा हेतु वरवर पाहणारास कळत नाहीं. दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाचे खेळाडू कठीण प्रसंगीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्यानें रोज ठरल्या वेळीं ठरलेलें काम केलें आहे त्याला त्या प्रसंगीं नवा विचार करावा लागत नाहीं. हात संवयीनें चालतो, आणि भीतीला मनांत शिरावयास फट राहत नाहीं. यष्टिरक्षकाची साधना हीच असते. 539 चेंडू त्याच्याकडे आलेच नाहींत, तरी 540 व्या चेंडूस तो पहिल्याइतकाच सावध असावा लागतो.

डिसेंबर 2017 मध्यें कलकत्त्यास कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत विदर्भाला या साधनेचें फळ मिळालें. शेवटच्या डावांत रजनीश गुरबानी यांनीं 68 धांवांत 7 बळी घेतले आणि विदर्भानें तो सामना केवळ 5 धांवांनीं जिंकला. अंतिम सामना इंदूर येथेंच, म्हणजे वर्षापूर्वीं पंडित ज्या मैदानावर हरले होते तेथेंच झाला. दिल्लीविरुद्धच्या त्या सामन्यांत गुरबानी यांनीं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि विदर्भाचे तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनीं 133 धांवा काढून आपलें पहिलें प्रथम दर्जाचें शतक पुरें केलें. 1 जानेवारी 2018 रोजीं विदर्भानें 9 गडी राखून करंडक जिंकला. पहिला विजय योगायोगाचा म्हणतां येतो. परंतु पुढच्याच हंगामांत कर्णधार फैझ फझल यांच्या संघानें नागपुरास सौराष्ट्राचा 78 धांवांनीं पराभव करून तो करंडक राखला. त्या सामन्यांत आदित्य सरवटे यांनीं 11 बळी घेतले. आतां योगायोगाची भाषा कोणास बोलतां आली नाहीं.

2020 सालीं पंडित यांनीं मध्य प्रदेशाच्या संघाचें शिक्षकपद स्वीकारलें. 1999 च्या त्या पराभवाशीं ज्यांचें नांव जोडलेलें होतें त्यांच्याच हातीं त्या प्रांताची जबाबदारी आली. मध्य प्रदेशाच्या क्रिकेटचा वारसा मोठा आहे. नागपूरचे सी. के. नायडू यांच्या काळांत इंदूरच्या होळकर संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला होता. परंतु 1952-53 नंतर त्या भूमीला तो करंडक दिसला नव्हता. 2021-22 च्या हंगामांत मध्य प्रदेशानें अंतिम फेरी गांठली. उपांत्य सामन्यांत बंगालविरुद्ध यष्टिरक्षक हिमांशु मंत्री यांनीं 165 धांवा काढून संघाचा पाया घातला. अंतिम सामना बेंगळूरच्या त्याच मैदानावर ठरला, जेथें 23 वर्षांपूर्वीं पंडित यांचा डाव कोसळला होता. समोर संघ होता मुंबईचा. मुंबईचे शिक्षक होते अमोल मुजुमदार. तेही आचरेकर यांचे शिष्य. म्हणजे दोन्ही बाजूंच्या तंबूंत त्या दिवशीं शिवाजी पार्कच्या एकाच शाळेचे विद्यार्थी बसलेले होते.

मुंबईनें सर्फराझ खान यांच्या 134 धांवांच्या बळावर पहिल्या डावांत 374 धांवा केल्या. उत्तरादाखल मध्य प्रदेशाच्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनीं शतकें झळकाविलीं, आणि संघाच्या धांवा 536 झाल्या. आघाडी 162 धांवांची. 1999 मध्येंही आघाडी होती, हें पंडित विसरले असतील असें संभवत नाहीं. परंतु या वेळीं शेवटच्या दिवशीं डाव कोसळला नाहीं. मुंबईचा दुसरा डाव 269 धांवांत आटोपला, आणि 26 जून 2022 रोजीं आदित्य श्रीवास्तव यांच्या संघानें 6 गडी राखून विजय मिळविला. नेहमीं कठोर दिसणारे पंडित मैदानावर येऊन रडले. ते अश्रु सर्व देशानें पाहिले. या मैदानावर कांहीं तरी राहून गेलें होतें तें आज पुरें झालें, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले. तें पुरें झालें खरें. परंतु ज्या मुलांनीं तें पुरें केलें त्यांच्यापैकीं कित्येक जण 1999 सालीं रांगत होते किंवा जन्मास यावयाचे होते. शिक्षकाचें दैव असें विचित्र असतें. त्याचें स्वतःचें अपुरें राहिलेलें काम त्याला स्वतःच्या हातांनीं पुरें करतां येत नाहीं. त्यासाठीं त्याला दुसऱ्यांचे हात तयार करावे लागतात, आणि मग सीमारेषेबाहेर बसून वाट पाहावी लागते.

ही हकीकत एवढ्यावरच संपविली तर ती एकांगी होईल. 2022 च्या ऑगस्टमध्यें कोलकाता नाईट रायडर्स या व्यावसायिक संघानें पंडित यांना मुख्य शिक्षक नेमलें. तेथील वातावरण निराळें. देशोदेशींचे अनुभवी व्यावसायिक दोन महिन्यांपुरते एकत्र येतात, आणि प्रत्येकाची स्वतःची तयारीची रीत ठरलेली असते. त्यांच्यावर शाळेंतील मुलांप्रमाणें नियम लादले तर ते रुचत नाहींत. संघांतील एका परदेशी खेळाडूनें पुढें जाहीरपणें असें बोलूनही दाखविलें. पहिल्या वर्षीं संघ सातवा आला. 2024 मध्यें श्रेयस अय्यर कर्णधार आणि गौतम गंभीर मार्गदर्शक असतांना त्यानें विजेतेपद मिळविलें; त्याच्या पुढच्या वर्षीं तो आठवा आला, आणि 2025 च्या जुलैमध्यें पंडित त्या पदावरून दूर झाले. यावरून एवढें दिसतें कीं शिस्तीचें औषध सर्व रोगांवर चालत नाहीं. ज्याला स्वतःवर विश्वास नाहीं त्याला तें तारतें. ज्याला स्वतःचा मार्ग सांपडलेला आहे त्याला तें जाचतें. औषध कोणाला आणि किती द्यावयाचें हें ओळखणें, हीच शिक्षकाची खरी परीक्षा होय, आणि ती परीक्षा कोणीही कायमची उत्तीर्ण होत नाहीं.

तथापि या हिशेबांत जमेची बाजू ठळक उरते. जो खेळाडू संघाबाहेर बसून वाट पाहतो त्याचा काळ फुकट गेला असें आपण सहज म्हणतों. अमोल मुजुमदार यांचेंच उदाहरण घ्यावें. 1988 सालीं शाळेच्या सामन्यांत तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनीं 664 धांवांची भागीदारी केली, तेव्हां पुढचे फलंदाज म्हणून मुजुमदार पॅड बांधून तंबूंत बसून राहिले. त्यांची पाळी आलीच नाहीं. पुढें त्यांनीं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें अकरा हजारांवर धांवा केल्या, पण भारतातर्फे खेळण्याची पाळीही आली नाहीं. मात्र 2 नोव्हेंबर 2025 रोजीं नवी मुंबईंतील नेरूळच्या मैदानावर भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा 52 धांवांनीं पराभव करून प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या संघाचे शिक्षक मुजुमदार होते. वाट पाहणें आणि पाहत राहणें या दोन क्रिया मराठींत एकाच धातूनें सांगितल्या जातात. शिक्षकाच्या बाबतींत त्या वस्तुतः एकच असाव्या.

विदर्भाचे यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांची गोष्टही पुढें सरकली आहे. इंदूरला पहिलें शतक काढणारा तो तरुण पुढें संघाचा कर्णधार झाला, आणि त्याच्याच नेतृत्वाखालीं विदर्भानें 2024-25 चा रणजी करंडक केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीनें जिंकला. त्या वेळीं पंडित विदर्भाचे शिक्षक नव्हते. शिकवणें खरें उतरलें कीं नाहीं हें शिक्षक निघून गेल्यावरच कळतें, आणि विदर्भाच्या बाबतींत तें कळून आलें.

नेरूळचें तें मैदान जासईपासून फार दूर नाहीं. जासईच्या शिवारांत या वर्षींही कापणीनंतर डाव मांडला जाईल, संघ पाडतांना वादावादी होईल, आणि अखेरीस एका मुलाला यष्ट्यांमागें उभें केलें जाईल. त्याला ती शिक्षा वाटेल. घरच्या वडील माणसांनीं त्याला एवढेंच सांगावें, कीं बाळ, मोजे नसले तरी चालेल, पण डोळे उघडे ठेव. गोलंदाजाचें मनगट पाहा, फलंदाजाचे पाय पाहा, आणि तुझ्या सोबत्यांपैकीं कोण खचला आहे तेंही पाहा. सर्वांना हव्या असलेल्या जागेवरून खेळाचा एक तुकडा दिसतो. कोणास नको असलेल्या त्या जागेवरून खेळ सबंध दिसतो.